चातुर्मासापुरती बुजवलेली भोकं

उतारावरचा प्लॉट घेताना माणूस खूश असतो. वारा चांगला, समोर डोंगर दिसतो, जागा जरा स्वस्तात मिळते. घर बांधून होतं, रंग लागतो, आणि मग एखाद्या पावसाळ्यात अंगणातली माती उठून खालच्या माणसाच्या दारात जाऊन बसते. मग धावाधाव. मग कोणीतरी सांगतं, एक मिस्तरी आहे, तो नुसत्या भिंतीच बांधतो. तो मिस्तरी मी.

कागदावर संरक्षक भिंत लिहितात. आम्ही रिटेनिंग म्हणायचो. वरच्या अंगणाची माती धरून ठेवायची, एवढंच तिचं काम. घराच्या भिंतीवर ओझं वरून येतं आणि सरळ खाली जातं. या भिंतीला ओझं पाठीमागून येतं आणि ते दिवसरात्र ढकलत असतं. म्हणून हिचा पाया जाड, मागं मातीखाली लांब गेलेला, आणि सळई मातीच्या बाजूला. नव्वद सालानंतर शहर पसरायला लागलं. इंदिरानगर भरलं, मग पाथर्डी फाट्याच्या पुढं, लेण्यांच्या डोंगराच्या अंगानं प्लॉट पडले. सपाट जागा आधी गेल्या, उतार मागं राहिले. दुसऱ्या मिस्तऱ्यांना हे काम नको असायचं. खोदाई फार, आणि दिसायला काही नाही. वास्तुशांतीला आलेली माणसं फरशीचं कौतुक करतात, जिन्याचं करतात, या भिंतीकडं कोणी बघत नाही. मला ते बरं वाटायचं. मला गोड बोलता येत नाही, आणि भिंतीशी बोलावं लागत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. इंजिनियरच्या नकाशातले आकडे कळायचे, बाकीचं अंदाजानं. धंद्यातलं खरं काय ते मला बायकोनं शिकवलं, आणि तिला सहीसुद्धा येत नव्हती. ती जाऊन आता तिसरं वर्ष चालू आहे.

ती पेठकडची, डोंगरातली. मी दिंडोरीच्या बाजूचा. तिच्या माहेरी उतारावर भाताची खाचरं, एकाखाली एक, आणि प्रत्येकाला दगडांचा बांध. सिमेंट नाही, चुना नाही, दगडावर दगड. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासऱ्यांबरोबर बांध दुरुस्त करायला गेलो आणि शहाणपणा केला. म्हटलं, दोन गोण्या सिमेंट आणतो, सगळ्या फटी भरून टाकतो, मग तुमच्या नातवंडांनासुद्धा बघायला नको. बायको म्हणाली, "भरा की. मंग पान्यालाबी सांगून ठेवा, दुसऱ्या वाटंनं जा म्हनून."

सगळे हसले. मेहुणा तर बांधावरच बसला हसत. मला राग आला. नवीन लग्न, आणि सासरवाडीत बायको चार माणसांत असं बोलते. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला ते कळलंसुद्धा नसावं, कारण ती आवणीत होती, दिवसभर वाकून भात लावत होती.

पण ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. माती धरायची, पाणी सोडायचं. पाणी मागं साठलं की माती फुगते, जड होते, आणि मग कितीही सळई घाला. म्हणून आमच्या भिंतीला खालच्या अंगाला भोकं असत. काँक्रीट ओतायच्या आधी पाईपचे तुकडे साच्याच्या फळ्यांच्या मध्ये बसवायचे, पुढच्या बाजूला जरा उतरते. भिंतीच्या मागं हातभर रुंद दगडांचं भरण, त्याच्या मागं मुरूम, मग माती. हे दगड लावायचं काम बायको दुसऱ्या कोणाला करू देत नसे. बिगारी वरून घमेली ओतून मोकळे होतात. ती स्वतः खाली उतरून एकेक दगड बसवायची. घरमालक म्हणायचे, "अहो बाई, हे सगळं मातीत जाणार. कोण बघतंय?"

"पानी बघतं," ती म्हणायची.

फळ्या काढल्या की भिंतीला गोणपाट बांधून दिवसातून तीनदा पाणी मारायचं, तेही तीच करायची. पुढं तिचे गुडघे दुखायला लागले, घमेलं सुटलं, पण हे दोन्ही सुटलं नाही.

आणि एक आमची रीत होती. श्रावण-भाद्रपदात झड लागली की काम बंद असायचं. अशा वेळी त्या वर्षी बांधलेल्या सगळ्या भिंती आम्ही बघून यायचो. आधी सायकलवर डबलसीट, मग लुनावर. ती प्रत्येक भोकाखाली तळवा धरायची. स्वच्छ पाणी आलं तर पुढं निघायची. गढूळ आलं तर म्हणायची, मागची माती वाहतेय, परत येऊन बघायला पायजे. आणि पाणी आलंच नाही तर तिथून हलायची नाही. "भिंत मुतली पायजे," असं ती बंगल्याच्या मालकिणीसमोर म्हणायची. मालकिणी तोंडाला पदर लावायच्या. मी दुसरीकडं बघायचो.

आमचे बिगारी चेष्टा करायचे. "मिस्तरी निघाले हनिमूनला!"

"तुमच्या बायकांना तुमी भिंत तरी दावली का रं कदी?" ती लुनावर बसता बसता म्हणायची.

आता सांगायचं ते हे. दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांची गोष्ट असेल. वरच्या प्लॉटवर बँकेतून रिटायर झालेले एक साहेब. त्यांना अंगण सपाट करून हिरवळ आणि झोका हवा होता. खालच्या प्लॉटवर एका गुरुजींचं घर. इथल्या नदीला आम्ही गंगाच म्हणतो, तिच्याजवळच्या जुन्या गल्लीत पिढ्यानपिढ्या राहिलेली माणसं, जागा पुरेना म्हणून इकडं येऊन बांधलेलं. गुरुजी रोज पहाटे स्कूटरवरून गंगेवर जायचे, यात्रेकरूंचे विधी करायला. सूनबाई, म्हणजे त्यांची बायको, शाळेत शिकवायला जायच्या. गुरुजींच्या आई ऐंशीच्या घरातल्या. सगळे त्यांना आजी म्हणत, मीही म्हणायचो. दिवसभर घरात त्या एकट्या.

भिंत साडेसात फूट उंच, चाळीस फूट लांब, बारा भोकं. उन्हाळ्यात ओतली, मागचं भरण करून दिलं. भिंतीपासून सहा फुटांवर आजींची मागची खोली. तिथं त्यांचे देव, त्यांची वेगळी शेगडी, त्यांची खाट. मधल्या पट्टीत शहाबादी फरशी आणि एक दोरी, तिच्यावर त्यांचं सोवळ्याचं लुगडं वाळायचं.

त्या वर्षी आषाढात बायको निफाडला गेली. आमच्या मुलीचं दुसरं बाळंतपण, आणि तिची सासू नव्हती. बिगारी आवणीसाठी गावाला गेलेले. मी घरी एकटा. दोन वेळा स्वतः स्वयंपाक करून खायचा म्हणजे मला शिक्षा. अशात साहेबांचा निरोप आला, खालच्या आजींनी बोलावलंय.

गेलो. आजी मागच्या दारात उभ्या.

"मिस्तरी, तुझी भिंत गळते."

"गळत नाही आजी. ती भोकं मुद्दाम ठेवलीत, पाणी जायला."

"जातं कुठं पण? माझ्या सोवळ्यावर. वर त्यांचं कुत्रं आहे, ते तिथं काय फुलं वाहतं का? त्या मातीतून आलेलं पाणी माझ्या लुगड्यावर उडतं. चार वेळा धुते, चार वेळा वाळत घालते. या दिवसांत वाळतं का काही?"

"दोरी पुढच्या अंगणात बांधा."

"हो, म्हणजे रस्त्यानं जाणाऱ्यांना माझी लुगडी दाखवते!"

मला हसू आलं. त्याही हसल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "अरे, आषाढी झाली. माझा चार महिन्यांचा नेम असतो, सोवळ्यात करायचं आणि एकदा जेवायचं. पुढचा चातुर्मास मला दिसतो की नाही कोणास ठाऊक. तेवढ्यापुरती बंद कर. कार्तिकी झाली की उघड. मी काही म्हणणार नाही."

मी नाही म्हणालो. तेवढ्यात साहेब वरून भिंतीवर ओणवे झाले. "मिस्तरी, करून टाका हो. शेजाऱ्यांशी कटकट नको. एवढी सळई घातलीय तुम्ही, तुमच्या भिंतीला काय होतंय?"

सळईचं नाव काढलं की मी फुगायचो. खरंच जास्त घातली होती. त्यात आजी माझ्या आईसारख्या बोलत होत्या. ही झाली दोन कारणं, आणि पुढं कित्येक वर्षं मी लोकांना हीच सांगत आलो. तिसरं असं की यावर साधा उपाय होता आणि तो मला तिथंच सुचला होता. भिंतीच्या पायथ्याशी नाली काढायची, भोकांचं पाणी नालीत पडेल, नालीतून बाजूनं गटाराला जाईल, फरशी कोरडी. एका दिवसाचं काम. पण फरशी उखडायची, पावसात एकट्यानं खोदायचं, आणि मला कंटाळा आला होता. भोकं बुजवायला अर्धा तास लागला. घमेल्यात सिमेंटचा माल कालवला, बारा गोळे केले, आत ढकलले, थापी फिरवली.

चातुर्मास म्हणजेच पावसाळा. पाणी येतं त्या चार महिन्यांत भोकं बंद, आणि कोरड्यात उघडी. शेंबड्या पोराला कळलं असतं. मला तर कळत होतंच. आजींनी हातावर वरून एक पेढा टाकला, तो खाल्ला आणि घरी आलो.

बायको सव्वा महिन्यानं परत आली, नातू झाल्याच्या आनंदात. आल्या आल्या डब्यात डिंकाचे लाडू, आणि तोंडात नातवाचं नाक कसं, डोळे कसे. नऊ दिवस झड लागलेली होती. दुसऱ्या दिवशी जरा उघडलं तशी म्हणाली, "चला, भिंती बघून येऊ."

चार भिंती बघितल्या. चारही ठीक. मी लुना घराकडं वळवली.

"अन् ती कुत्रंवाल्यांची?"

"ती ठीक आहे. परवा बघून आलो मी."

"एकलेच?" ती मागून म्हणाली. "दात दुखला तर डाक्टरकडं एकले जात नाय तुमी. लुना वळवा."

वळवली. गुरुजींच्या घराच्या बाजूनं बोळ होता, त्यातून मागं गेलो. पाऊस थांबलेला. ती भिंतीसमोर उभी राहिली. बारा गोल ठिगळं, तोंडावर देवीचे वण असावेत तशी. तिनं एका ठिगळावर बोट फिरवलं.

"ह्यो तुमचाच हात हाय."

दुसऱ्याचं नाव सांगायची सोय नव्हती. माझी थापी ती ओळखायची. मी म्हटलं, "आजींचा नेम आहे. चातुर्मासापुरतीच बुजवलीत."

तिनं माझ्याकडं बघितलं. "अवं, पाऊस कवा असतो?"

मग ती खाली वाकली. भिंतीच्या पायथ्याशी शहाबादी फरशी उचलली गेली होती, दोन फरश्या एकमेकींना टेकून तंबूसारख्या झालेल्या. मी पिशवीतून ओळंबा, दोरीला लावलेलं वजन, काढला, स्टुलावर चढून भिंतीच्या माथ्यावरून सोडला. पायथ्याशी तो भिंतीला टेकायला हवा. तीन बोटं दूर लटकत राहिला. भिंत पुढं आली होती. वर साहेबांना हाक मारली. ते हिरवळीवर गेले आणि तिथूनच ओरडले, "मिस्तरी, इथं लांबच्या लांब भेग पडलीय, माझा हात जातोय आत!"

आजी मागच्या खोलीत होत्या. भांड्यांचा आवाज येत होता. घरात दुसरं कोणी नाही, गुरुजी गंगेवर, सूनबाई शाळेत. मी दाराशी जाऊन म्हटलं, "आजी, पुढच्या पडवीत चला. भिंत कललीय."

"नैवेद्य व्हायचाय. वरण उकळतंय. येते अर्ध्या तासात."

"आजी, आत्ता चला."

"मिस्तरी, दारात ये-जा करू नकोस, मी सोवळ्यात आहे."

पन्नाशीचा गडी मी, उंबऱ्याच्या बाहेर उभा राहून हात जोडत होतो. आत पाय टाकायची हिंमत झाली नाही. तेवढ्यात मागं एक फरशी तडकली. आवाज बारीक होता, पण आमच्या धंद्यात तो आवाज ओळखतात. बायकोनं चपला काढल्या, लुगडं खोचलं आणि मला बाजूला सारून आत शिरली.

"अगं ए, शिवू नकोस! सोवळ्यात आहे मी!"

"व्हय आजी, दिसतंय."

एक हात पाठीखाली, एक गुडघ्याखाली, आणि उचललं. जन्मभर घमेली उचललेली बाई, आजी म्हणजे तिला काहीच नाही. आजी हातातल्या पळीनं तिच्या खांद्यावर मारत होत्या. वरणाचे शिंतोडे उडत होते.

"मारा," बायको म्हणत होती, "पर दुसऱ्या हातानं मान धरा माजी. पडाल."

पुढच्या पडवीत खुर्चीवर ठेवलं. आजी एकदम म्हणाल्या, "माझे देव!"

बायको परत वळली. मी ओरडलो, आता जायचं नाही. ती थांबली, पण माझ्यासाठी नाही. आजींना विचारत होती. "आजी, देव म्या आनू का ह्यांनी आनावं?"

आजींनी आमच्या दोघांच्या तोंडाकडं आळीपाळीनं बघितलं. मग म्हणाल्या, "आधी गॅस बंद कर. आणि देव तूच आण. तो पाडेल."

ती गेली. मला ती दोन मिनिटं अजून आठवतात. ती ताम्हनात देव घेऊन बाहेर आली, वर पदर झाकलेला.

मग मी पहार घेतली. समोर उभं राहायचं नाही, भिंतीच्या कडेला उभं राहून तिरपं मारायचं. बायको मदतीला येत होती, तिला मी पहिल्यांदाच दरडावलं आणि तिनं पहिल्यांदाच ऐकलं. पहिला गोळा चार ठोक्यांत निघाला. निघाला म्हणजे उडाला, आणि मागून पाण्याची काळी धार थेट समोर आजींच्या खोलीच्या भिंतीवर आपटली. सहा फूट. इतका दाब. दुसरा, तिसरा. मधली चार भोकं काही केल्या सुटेनात, तिथं उभं राहायचं म्हणजे भिंतीच्या पोटासमोर उभं राहायचं. राहिलो. मी बुजवली होती, दुसरा कोण राहणार? बारा भोकं मोकळी झाली तेव्हा पाणी आजींच्या खोलीत घोटाभर गेलेलं, वरण कुठं, शेगडी कुठं. पण मागचं दगडांचं भरण चोख होतं, बायकोनं एकेक लावलेलं, म्हणून पाण्याला वाट मिळाली. दोन तासांनी धार बारीक झाली. मी पुन्हा ओळंबा सोडला. तीन बोटं. चार झाली नव्हती. भिंत थांबली होती.

तोवर गुरुजी आले, सूनबाई आल्या, साहेब खाली आले. साहेबांनी सगळं सांगितलं, भेग, पाणी, पहार. गुरुजींनी मला हात जोडले. "मिस्तरी, देवासारखे आलात. आई एकटी होती हो."

"मी पहिल्यापासून म्हणतोय, माणूस अनुभवी आहे," साहेब म्हणाले.

सूनबाईंनी चहा आणला. मला खुर्ची दिली. मी बसलो आणि चहा घेतला. कोणी विचारलं नाही भोकं कशी बुजली, आणि मी सांगितलं नाही. चांगलं वाटत होतं मला, खोटं कशाला बोलू. अंगावर चिखल, हाताला फोड आलेले, आणि शिकलेली माणसं आपल्याला हात जोडतायत. बायकोनं चहा घेतला नव्हता. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी, ओलीचिंब, आणि माझ्याकडं बघत होती. बोलत नव्हती. बोलली असती तर सोपं गेलं असतं, मी भांडलो असतो. ती नुसती थांबली होती, भोकाखाली तळवा धरून थांबायची तशी.

मी कप खाली ठेवला. म्हटलं, "भोकं मीच बुजवली होती. त्यानंच झालं."

साहेब घाईनं म्हणाले, "अहो, ते आपण सगळ्यांनी मिळूनच..."

आतून आजी आल्या. पुन्हा आंघोळ केलेली, केस ओले. "त्याचं काही चुकलं नाही. मी सांगितलं म्हणून त्यानं बुजवली. दोष माझा."

तेव्हा बायको बोलली. "आजी, तुमाला काय ठाऊक? साहेबांनाबी काय ठाऊक? ह्यांना ठाऊक व्हतं."

गुरुजी स्वतःच्या पायांकडं बघत होते. मी म्हटलं, "खरं आहे. दिवाळीपर्यंत टेकू लावून ठेवतो. नंतर उतरवून नवीन बांधून देतो."

घरी येताना लुनावर मागून आवाज आला, "नाली काढली असती तर?"

तिला एका मिनिटात सुचलं होतं. मी म्हटलं, "सुचलं होतं मला."

ती कुलूप काढताना म्हणाली, "सुचलं नसतं तर बरं झालं असतं."

कार्तिकी झाल्यावर भिंत तुकड्यातुकड्यानं उतरवली आणि पुन्हा ओतली, पायथ्याशी नाली काढून. फोडलेलं काँक्रीट उचलताना बायको एका शब्दानं बोलली नाही, आणि नवे दगड पुन्हा तिनंच लावले. आजी रोज बोळात खुर्ची टाकून बसायच्या. त्यांनी सोवळं काही सोडलं नाही, आणि का सोडावं? पण सकाळची आंघोळ त्या दहा-साडेदहापर्यंत लांबवायला लागल्या. "अजून व्हायचीय माझी आंघोळ," म्हणायच्या बायकोला, "ये, बस जवळ. तुमच्याकडं ते बांध कसे घालतात म्हणालीस?" आणि मग दोघींचं चालायचं. आजी विचारायच्या, बायको सांगायची, मध्येच दोघी माझ्याकडं बघून हसायच्या. मी काय ते विचारलं नाही. पळी खांद्यावर लागली होती तिथं तिला काळंनिळं झालं होतं, ते तिनं आजींना कौतुकानं दाखवलं. आजी म्हणाल्या, "बरं झालं, लक्षात राहील." त्यानंतर आजींनी आणखी सहा चातुर्मास केले.

आता बायकोचं. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीपासून तिला जिना चढताना दम लागायचा. मधल्या वळणावर थांबायची आणि शेजाऱ्यांच्या कुंड्या बघतेय असं दाखवायची. कोणाच्या कुंडीकडं ती आयुष्यात कधी बघत नव्हती. मी खालून बघायचो. मनात यायचं, दवाखान्यात न्यायला पाहिजे. दवाखाना म्हणजे पूर्ण दिवस रांगेत, हा कागद, तो कागद, मला वाचता येत नाही, चारदा खाली-वर. ती म्हणायची काही नाही, वय झालं. मीही म्हणायचो वय झालं. संक्रांतीनंतर नेलं. डॉक्टर म्हणाले हृदय मोठं झालंय, आधी आणायला हवं होतं. फाल्गुनात गेली.

दहाव्याला माणसं आली, म्हणाली, "तुम्ही तिचं फार केलं हो." मी मान हलवली. वर्ष गेलं, लोक तेच म्हणत राहिले आणि मी मान हलवत राहिलो. आता समोर चौकटीला टेकून कोणी उभं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात मुलगी निफाडहून आली होती. ओट्याजवळ बसून मेथी निवडत होती. मी म्हटलं, "तुझ्या आईला दम लागायचा ते मला दिसत होतं."

तिचा हात थांबला. "कधीपासून?"

"दिवाळीपासून. मला ठाऊक होतं. कंटाळा केला मी."

मला वाटलं, म्हणेल की नाही बाबा, असं म्हणू नका. किंवा उठून जाईल. ती तशीच बसली, हातात मेथीची जुडी. म्हणाली, "मला फोनवर ऐकू यायचं. आई बोलताना मध्येच थांबायची. मी म्हणायचे, टीव्हीचा आवाज असेल."

मी तिच्यासमोर जाऊन बसलो. तिनं अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली. मला नीट निवडता येत नाही, काड्या राहतात. दोघांनी मिळून सगळी निवडली.